लिफ्ट काढू की मैत्री सांभाळू?

पत्र:

मी आमच्या शाळेच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन आहे. आमची स्पर्धा फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी टीमच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेच्या पद्धतीची आहे. तीन विरुद्ध तीन रोबोट, अडीच मिनिटांचा सामना. पहिली १५ सेकंदं रोबोट आपला आपण चालतो, पुढची १३५ सेकंदं आम्ही चालवतो. आमचा रोबोट जमिनीवरचे ठोकळे उचलून खालच्या खणात टाकतो, त्याचे २ गुण. लिफ्टने वरच्या खणात ठेवला तर ५ गुण. खालच्या खणाची एक खेप १५ सेकंदांत होते आणि २० पैकी १८ वेळा जमते. लिफ्टच्या खेपेला ४५ सेकंदं लागतात आणि शेवटच्या २० प्रयत्नांत ती फक्त ७ वेळा चालली. बाकी वेळा मध्येच अडकली.

लिफ्ट माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने डिझाइन केली आहे. चार महिने तिने दुसरं काही केलेलं नाही. टीममधले निम्मे जण म्हणतात लिफ्ट काढा, निम्मे म्हणतात लिफ्टशिवाय आपल्याकडे आहेच काय. त्यात भर म्हणजे सरावात रोबोट मध्येच मरतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. प्रोग्रामिंगवाले वायरिंगला दोष देतात, वायरिंगवाले कोडला. सरांना विचारलं तर म्हणाले, तुम्हीच ठरवा. स्पर्धेला २६ दिवस उरलेत. लिफ्ट काढ म्हटलं तर मैत्रीण दुरावेल, नाही म्हटलं तर टीम तोंडघशी पडेल. काय करू?

– कॅप्टन (नाव छापू नये)

उत्तर:

प्रिय कॅप्टन,

तू आकडे पाठवलेस, त्याबद्दल आधी शाबासकी. अशा पत्रांत बहुतेक वेळा ‘लिफ्ट कधी चालते, कधी नाही’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यावर सहानुभूतीपलीकडे काही देता येत नाही. वीसपैकी सात म्हटलं की बोलता येतं.

तुझ्या मते तुझे प्रश्न दोन आहेत, लिफ्टचा आणि मैत्रिणीचा. रोबोट मध्येच मरतो हे तू ‘त्यात भर म्हणजे’ करून जाता जाता लिहिलंस. मी सुरुवात तिथूनच करणार आहे. ते मरणं थांबत नाही तोवर लिफ्टबद्दलचा तुझा आकडासुद्धा पुरता खरा नाही. अडकलेली लिफ्ट आणि मरणारा रोबोट ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं असू शकतात.

तुमच्या रोबोटला वीज देणारी बॅटरी १२ व्होल्टची लेड-ॲसिड असणार, १८ अँपिअर-अवरच्या आसपासची. पूर्ण चार्ज झाल्यावर ती मल्टिमीटरवर १२.६ किंवा थोडं जास्त दाखवते आणि सगळे खूश होतात. पण तो आकडा बॅटरी स्वस्थ बसलेली असतानाचा. चारही चाकांच्या मोटर एकदम जोर लावतात, त्याच क्षणी लिफ्टची मोटर अडकते, तेव्हा बॅटरीतून २०० अँपिअरसुद्धा वाहू शकतात. या स्पर्धांतली मोठी मोटर जागेवर अडकून पडली तर एकटीच शंभरावर अँपिअर ओढू शकते. मुख्य ब्रेकर, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारी कळ, १२० अँपिअरचा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो तापून तुटणाऱ्या जातीचा आहे, काही सेकंदांचा असा झटका तो मुकाट्याने सोसतो.

आता बॅटरीचा अंतर्गत रोध आणि जाड वायरींचा रोध मिळून समजा ०.०२ ओहम आहे. २०० अँपिअरला त्यात ४ व्होल्ट गेले. उरले ८.६. रोबोट कुरकुरेल, पण चालेल. याच वाटेवर एखादा जोड सैल आहे आणि त्याचा रोध फक्त ०.०१ ओहम आहे असं धर. आणखी २ व्होल्ट गेले, उरले ६.६. नियंत्रक, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेला छोटा संगणक, साधारण सात व्होल्टच्या खाली गेला की स्वतःला वाचवण्यासाठी मोटरींची वीज तोडतो. शिवाय त्या एका जोडात ४०० वॉट उष्णता तयार होते ती वेगळीच. एका ओहमचा शंभरावा भाग, आणि चार महिन्यांचं काम मैदानात उभं राहतं.

म्हणून पहिले तीन दिवस लिफ्टचं नावही काढायचं नाही. फक्त जोड.

बॅटरीपासून सुरू करा. मुख्य ब्रेकर बंद करा. बॅटरीच्या टोकाला नट-बोल्टने आवळलेला तांब्याचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची चपटी कडी, असतो, तो अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून बघ. पाना घ्यायचा नाही, फक्त बोटं. केसभर जरी हलला तरी तो सैल आहे. वरून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल तर ती सोडून बघ, टेपच्या आत नट हातानेच फिरतोय असं बरेचदा सापडतं. मग मोठा कनेक्टर: त्याच्या प्लॅस्टिकचा रंग एका बाजूला काळपट किंवा तपकिरी पडलाय का? पडला असेल तर आतला क्रिंप, म्हणजे वायरीवर चेपून बसवलेला धातूचा जोड, तापतो आहे. मग मुख्य ब्रेकरचे दोन्ही नट, मग वितरण पट्टीवरची, म्हणजे जिथून सगळीकडे वीज वाटली जाते तिथली, प्रत्येक वायर. एकेक वायर धरून ओढायची, आणि नाजूकपणे नाही, सामन्यात दुसऱ्या रोबोटची धडक बसल्यावर ओढली जाईल तितकी. जी हातात आली ती आज आली हे तुमचं नशीब. क्रिंप पक्कडीने चेपलेले असतील तर कापून टाका आणि क्रिंपिंगच्या खऱ्या अवजाराने नवे करा.

एवढा लहान रोध साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध याहून मोठा असतो. पण त्याच मल्टिमीटरने दुसऱ्या वाटेने पकडता येतो. मीटर व्होल्टवर ठेव, दोन क्लिपा संशयित जोडाच्या अलीकडे-पलीकडे लाव, रोबोट भिंतीला टेकवून दोन सेकंद पुढे ढकलायला लाव आणि सगळ्यांचे हात लांब ठेवून आकडा वाच. चांगल्या जोडावर काही शतांश व्होल्ट दिसतील. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आरोपी सापडला.

प्रोग्रामिंगवाल्यांनाही याच तीन दिवसांत काम आहे. चालक-लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सरावाचा व्होल्टेजचा आलेख साठवलेला असतो. मेलेल्या सरावाचा आलेख उघडून मरणाच्या आधीचे पाच सेकंद बघा. व्होल्टेज खोल खड्ड्यात जाऊन लगेच वर आलं असेल आणि त्यावेळी नियंत्रक सुरूच असेल, तर दोष भाराचा किंवा जोडांचा. व्होल्टेज चांगलं असताना रेषा एकदम तुटली आणि अर्धा-एक मिनिटाने परत आली, तर रेडिओची (तो रोबोटला लॅपटॉपशी जोडतो) किंवा नियंत्रकाची स्वतःची वायर धक्क्याने सुटते आहे. म्हणून पुढच्या वेळी रोबोट मेला की एकाने फक्त दिव्यांकडे बघायचं: नियंत्रकाचा विझला, रेडिओचा विझला की कुठलाच नाही? या एका निरीक्षणाने निम्मी भांडणं मिटतील. कोड की वायरिंग हा वाद टीममध्ये मतांवर चाललाय. तो आलेखावर आण.

आणखी एक, पटकन सांगून पुढे जाते. रोबोटवर ड्रिल चालवताना इलेक्ट्रॉनिक्सवर कापड टाकता का? ॲल्युमिनियमचा कीस नियंत्रकाच्या फटीत गेला तर त्याचे दोष असे काही अंगात आल्यासारखे प्रकट होतात की कुणाला काही कळत नाही.

आता लिफ्ट. वीज नीट पोचू लागली की कदाचित लिफ्टही थोडी सुधारेल. ८ व्होल्टवर चालणारी मोटर १२ व्होल्टएवढा जोर लावू शकत नाही, आणि जिथे लिफ्ट जराशी रुतते तिथे तो जोर कमी पडला की ती अडकते. अडकली की अँपिअर वाढतात, व्होल्टेज आणखी पडतं. म्हणजे तुमचे वीसपैकी सात हे आजारी बॅटरीवाटेवरचे सात आहेत. त्या आकड्यावर तुझ्या मैत्रिणीच्या चार महिन्यांचा निकाल लावणं मला न्यायाचं वाटत नाही. तिच्याशी बोलायला हे तुझं पहिलं वाक्य होऊ शकतं, आणि ते खरं आहे म्हणून उपयोगी आहे.

पण सगळा दोष विजेचा निघेल असं मात्र मला वाटत नाही. दोन खांबांमधून वर सरकणारा गाडा अडकतो त्याचं नेहमीचं कारण तो तिरपा होतो हे असतं. एका बाजूची दोरी आधी ताणली जाते, ती बाजू उचलते, दुसरी मागे राहते आणि बेअरिंग खांबात रुतून बसतं. मग मोटर जितकी जास्त ओढेल तितकं ते जास्त रुततं. मोटर मोठी घालून हा दोष जात नाही, वाढतो. परीक्षा सोपी आहे. दोरी सोडवून घ्या, गाडा एका कोपऱ्याला धरून हाताने वर उचला. मधोमध धरल्यावर लोण्यासारखा सरकतो आणि कोपऱ्याला धरल्यावर कडकडून थांबतो, असं झालं तर निदान झालं.

उपाय दोन-तीनच आहेत. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकाच दांड्यावरच्या दोन सारख्या रिळांवर गुंडाळायच्या आणि ताण जुळवण्यासाठी एका टोकाला स्क्रू ठेवायचा. गाड्याच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगमधलं अंतर वाढवायचं. ढोबळ नियम असा की ओढ खांबापासून जितकी बाजूला पडते, त्याच्या निदान निम्मं तरी हे उभं अंतर हवं, जास्त असेल तर उत्तमच. आणि खांब समांतर आहेत का हे वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी मोजायचं. मध्ये एखादा मिलिमीटर कमी भरला तर लिफ्ट रोज ‘तिथेच’ अडकते आणि सगळे कोडकडे बघत बसतात. तुझ्या मैत्रिणीला यातलं बरंच माहीत असेल. पण लिफ्ट रात्रंदिवस दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती लांबून बघायला कुणी सांगत नाही.

यासाठी तिला चार दिवस द्या. पुरे चार, त्यात तिला हवे ते दोन मदतनीस आणि हवी तेव्हा अवजारं. सातव्या दिवशी चाचणी.

चाचणीत काय मागायचं ते तुझ्याच आकड्यांवरून काढू. खालच्या खणाची खेप १५ सेकंदांची, म्हणजे १३५ सेकंदांत ९ खेपा. २० पैकी १८ जमतात, एका खेपेचे २ गुण. ९ × ०.९ × २, म्हणजे सामन्यामागे १६.२ गुण. लिफ्ट आजच्या घडीला: ४५ सेकंदांच्या ३ खेपा, २० पैकी ७, एका खेपेचे ५ गुण. ३ × ०.३५ × ५, म्हणजे ५.२५. तुमच्या टीममधला जो अर्धा गट ‘लिफ्टशिवाय आपल्याकडे आहेच काय’ म्हणतो, त्यांना हे फळ्यावर लिहून दाखव. लिफ्टशिवाय तुमच्याकडे तिप्पट गुण आहेत.

मग लिफ्टने किती करावं म्हणजे ती ठेवण्यात अर्थ? समजा खेप ३० सेकंदांवर आली आणि १० पैकी ८ वेळा जमली. साडेचार खेपा, ०.८, ५ गुण: १८. म्हणजे जेमतेम वर. तेव्हा अट अशी ठेव: खेप ३० सेकंदांत आणि १० पैकी निदान ८, आणि त्या दहाही खेपांत रोबोट एकदाही मरता कामा नये. सलग दहा. बॅटरी मध्ये बदलायची नाही, ‘ही धरू नका, माझा पाय लागला’ चालणार नाही. सामन्यातही पाय लागतात.

मला विचारशील तर ही अट सातव्या दिवशी पूर्ण होणार नाही असंच वाटतं. तरी चाचणी खरी घ्यायची. निकाल आधीच ठरवून चाचणीचं नाटक केलंस तर मैत्रीण ते ओळखेल, आणि मग ती जी दुरावेल ती लिफ्टमुळे नाही.

तिच्याशी बोलायचं कसं? एक तर टीमसमोर नाही. मीटिंगमध्ये समजा बारा जण असतात, त्यातले सहा तिच्या विरोधात आहेत हे तिला माहीत आहे. तिथे तू तोंड उघडलंस की तू सातवी. आधी दोघीच बसा, शक्यतो रोबोटपासून लांब. रोबोट समोर असला की ती बोलता बोलता पाना उचलेल आणि तुम्ही स्क्रूबद्दल बोलत राहाल.

दुसरं, ‘लिफ्ट काढावी का?’ असं विचारू नकोस. याला ती एकच उत्तर देऊ शकते. वरचं गणित तिच्यासमोर ठेव आणि विचार: ‘स्पर्धेत लिफ्ट घ्यायची तर तिच्याकडून किती मागायचं, तू सांग.’ माझी अट तिला सांगायचीच नाही, तिला काढू दे. डिझाइन करणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती नसते, त्याला मतांची चीड असते. ती बहुधा तुझ्याहून कडक अट घालेल. घातली तर तिच्या हातानेच कागदावर लिहून घे, तारखेसकट. सातव्या दिवशी तो कागद बोलेल, तुला बोलावं लागणार नाही.

आणि चिडली तर? चिडू दे. चार महिने एका गोष्टीत घातल्यावर शांत राहणारी माणसं मला जरा संशयास्पदच वाटतात. तू त्या वेळी स्पष्टीकरणं देत सुटू नकोस, माफीही मागू नकोस, कारण तू काही चुकीचं केलेलं नाहीस. ‘चार दिवस तुझे, मी पण तुझ्याबरोबर बसते’ एवढं म्हण आणि खरंच बस. कॅप्टन चार दिवस लिफ्टवर खपली आणि मग लिफ्ट निघाली, तर त्या निघण्याचा अर्थ वेगळा होतो. वरून बघून हुकूम सोडला, तर वेगळा.

एक मुद्दा ती नक्की काढेल: खालचा खण काय, कुणीही भरेल, त्यात इंजिनिअरिंग कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे, झटकू नकोस. पण तिला एक जुनी गोष्ट सांग. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये छोट्या स्वयंचलित ‘उंदरां’ची स्पर्धा झाली होती, चक्रव्यूहातून वाट काढण्याची. वाटेचा नकाशा लक्षात ठेवणारे, शिकणारे हुशार उंदीर त्यात होते. जिंकला तो एक बिनडोक पण वेगवान उंदीर, जो फक्त भिंतीला धरून धावत सुटला. आयोजकांच्या जिवाला ते इतकं लागलं असावं की पुढे या खेळात शेवटची जागा चक्रव्यूहाच्या मधोमध नेली गेली, म्हणजे भिंत धरून तिथे पोचताच येऊ नये. भिंत धरून धावणाऱ्याने नियम मोडला नव्हता, त्याने नियम सगळ्यांपेक्षा नीट वाचला होता. नियम वाचून काय करायचं नाही हे ठरवणं हेही इंजिनिअरिंगच, आणि परीक्षक टीमच्या जागेवर येऊन विचारतात तेव्हा त्यांना ते ऐकायला आवडतं. ‘ही लिफ्ट आम्ही का काढली’ हे मैत्रिणीने स्वतः, आकडे दाखवत सांगितलं, तर चालणाऱ्या लिफ्टबद्दल बोलणाऱ्या कितीतरी टीमपेक्षा ते उजवं ठरेल. म्हणून तिच्या वहीतलं एक पानही फेकू नका. तिरप्या गाड्याचे फोटो, वीसपैकी सातची यादी, सगळं ठेवा.

साध्या रोबोटच्या बाजूने दुसरीही एक व्यावहारिक गोष्ट आहे. तीन विरुद्ध तीनच्या या खेळात बाद फेरीआधी वरच्या आठ युतींचे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टीमच्या गटांचे, कॅप्टन आपले साथीदार निवडतात. त्यासाठी प्रत्येक टीमची पोरं प्रेक्षकांत वही घेऊन बसलेली असतात. त्या वहीत ‘लिफ्ट सुंदर आहे’ असा रकाना नसतो. किती खेपा, किती चुकल्या आणि सामन्यात मेला का, हे रकाने असतात. प्रत्येक सामन्यात आठ-नऊ खेपा करणारा आणि एकदाही न मेलेला रोबोट क्रमवारीत मधे कुठे असला तरी उचलला जातो. एक ना धड भाराभर चिंध्या असलेला रोबोट वरच्या क्रमांकावर असूनही बसून राहतो.

सरांबद्दल. ‘तुम्हीच ठरवा’ हे त्यांचं म्हणणं मला आवडलं, पण अर्धंच. ठरवा तुम्हीच, मात्र सातव्या दिवशी स्टॉपवॉच त्यांच्या हातात द्या. मोजणारा माणूस कुठल्याच गटाचा नसला की चाचणीवर बोट ठेवता येत नाही.

आता पुढचे दिवस. आठव्या दिवशी निर्णय, आणि त्यानंतर रोबोटवर नवीन काही बसणार नाही. ही रेघ तुला स्वतःच ओढावी लागेल आणि ती ओढणं अवघड आहे, कारण बाहेरून कुणी ओढत नाही. मूळ फर्स्ट स्पर्धेत २०१९ पर्यंत ठरलेल्या दिवशी बांधणी थांबायची. सहा आठवडे संपले की रोबोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करायचा, विषय संपला. पोरं कुरकुरायची, पण त्या सीलने ‘आता पुरे’ म्हणण्याचं काम कॅप्टनवरून उचललं होतं. २०२० च्या हंगामापासून ती सक्ती गेली. आता स्पर्धेच्या आदल्या रात्रीपर्यंत भोकं पाडता येतात, आणि बऱ्याच टीम पाडतात. तुझ्या टीमला तारीख आजच सांग, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि आठव्या दिवशी कुणी नवी कल्पना घेऊन आलं तर ती पुढच्या वर्षीच्या वहीत उतरवून घे.

नवव्या दिवसापासून रोबोट चालकांचा. हे बहुतेक टीमना पटत नाही. बांधणीच्या शेवटच्या तासाला चालकाला कंट्रोलर मिळतो आणि मग मैदानात तो पहिल्यांदा शिकतो. तुमची खेप १५ सेकंदांची आहे. सरावाने ती १२ वर आली तर १३५ सेकंदांत ११ खेपा बसतात. ९ च्या ११ झाल्या आणि नेम तोच राहिला तर जवळजवळ २० गुण. नुसत्या सरावाने, एकही स्क्रू न हलवता, लिफ्टच्या अटीपेक्षा जास्त. चालक कोण, हे वयावर किंवा कुणी रोबोटवर किती काम केलं यावर ठरवू नकोस. तिघा-चौघांना सारख्या दहा खेपा दे, वेळ मोज, ज्याचा सरासरी वेळ बरा आणि ज्याच्या वेळा एकमेकांच्या जवळ आहेत तो चालक. एकदा ९ सेकंदांत आणि एकदा २५ सेकंदांत करणारा नको. मैत्रिणीलाही या चाचणीत बसव. ज्यांनी यंत्र बांधलंय त्यांना ते कुठे कुरकुरतं हे कानाने कळतं, त्यातले काही उत्तम चालक निघतात. निघाली नाही तरी चालकाच्या शेजारी उभं राहून वेळ आणि मैदान सांगणाऱ्याची जागा असते, तिलाही डोकं लागतं.

सराव पूर्ण सामन्यासारखाच करा. अडीच मिनिटं, मग थांबा, बॅटरी बदला, जोड बोटांनी तपासा, पुन्हा अडीच मिनिटं. बॅटरींवर क्रमांक टाका आणि कोणती बॅटरी कोणत्या सरावात होती हे लिहीत जा. चार-पाच दिवसांत एखादी बॅटरी प्रत्येक वाईट सरावात हजर असल्याचं दिसेल. ती स्पर्धेला नेऊ नका, नेलीच तर टीमच्या जागेवर चाचणीपुरती. प्रोग्रामिंगवाल्यांना रोज ठरलेला एक तास रोबोट मिळालाच पाहिजे, त्या तासात कुणी पाना घेऊन जवळ जायचं नाही. आजवर त्यांना उरलासुरला वेळ मिळाला असणार, त्यांच्या चिडण्याचं मूळ तिथे आहे. शेवटचे तीन दिवस कोडही गोठवा. ‘फक्त एक ओळ बदलली’ हे वाक्य ऐकलं की ती ओळ परत पूर्वीसारखी करून घे.

लिफ्ट सातव्या दिवशी पास झाली तर? मग ठेव, आणि माझा अंदाज चुकला म्हणून आनंदाने ठेव. फक्त चालकांच्या सरावातून एक दिवसही तिच्यासाठी कापू नकोस, आणि सामन्यात आधी खालच्या खणाच्या चार खेपा, मग लिफ्ट, असा क्रम ठरवून ठेव. लिफ्ट अडकलीच तर हातात काहीतरी असेल. अडकल्यावर मोटर आपोआप थांबावी म्हणून तिला कोडमध्ये अँपिअरची मर्यादा घालून घ्या, नाहीतर ती एकटी सगळा रोबोट पाडेल.

आणि लिफ्ट निघाली तर त्याच संध्याकाळी रोबोट वजनकाट्यावर ठेवा. वरचं वजन गेल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि तो पुढे-मागेही सरकतो, त्यामुळे चाकांवरचा भार बदलतो आणि पहिल्या १५ सेकंदांच्या स्वयंचलित भागात घातलेली वळणं आणि अंतरं चुकायला लागतात. ती सगळी नव्याने जुळवावी लागतील, त्यासाठी प्रोग्रामिंगवाल्यांना पहिले दोन दिवस एका तासाऐवजी तीन तास दे. लिफ्टच्या मोकळ्या झालेल्या वायरी नुसत्या गुंडाळून ठेवू नका, वितरण पट्टीपासून काढून टाका.